शेजारच्या ज्येष्ठांची बाहेरची कामे करून देताना पैशांचे, औषधांचे आणि बँकेचे व्यवहार कसे सांभाळावेत?

विक्रोळीकर

सर्वांना नमस्कार. मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरातील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहतो. आमच्या आणि शेजारच्या इमारतीत मिळून बरेच ज्येष्ठ नागरिक वरच्या मजल्यांवर एकटे किंवा दोघेच राहतात. त्यांची मुले ठाणे, पुणे किंवा परदेशात आहेत, आणि पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे रखडलेली असल्यामुळे नव्या इमारतीतील लिफ्टची वाट पाहत त्यांना आहे तोच जिना चढावा-उतरावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्यातील काही जणांनी त्यांना दूध, भाजी आणि औषधे आणून देण्याचे काम आपणहून अंगावर घेतले होते. पुढे कार्यालये सुरू झाली आणि ते बंद पडले. आता आम्ही तिघेचौघे तेच काम पुन्हा, पण काही पद्धत ठरवून, सुरू करू इच्छितो.

दहा मिनिटांत सामान घरपोच देणारी ॲप्स आहेत, याची मला कल्पना आहे. परंतु पासबुक भरून आणणे, विजेच्या बिलाची तक्रार नोंदवणे, चष्म्याची काडी बसवून आणणे किंवा पॅथॉलॉजीतून अहवाल आणणे ही कामे ॲपवर होत नाहीत, आणि ज्यांना फोनवर टाइप करणे जमत नाही त्यांच्यासाठी ॲप असून नसल्यासारखेच आहे.

अडचण मुख्यतः पैशांची आहे. कोणी दुधासाठी पाचशेची नोट देतात आणि उरलेले पैसे मोजून घ्यायला संकोचतात. कोणी "नंतर देते" म्हणतात आणि नंतर विसरतात. एका आजींनी तर एटीएम कार्डाच्या पाकिटातच पिन लिहिलेली चिठ्ठी ठेवलेली आहे आणि ते पाकीट त्या मोठ्या विश्वासाने पुढे करतात. घ्यावे तर भीती वाटते, नाही म्हणावे तर त्यांना वाईट वाटते. शिवाय नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी सगळ्यांची एकदमच धावपळ सुरू होते. ज्यांना अशा कामाचा अनुभव आहे त्यांनी कोणती कामे घ्यावीत, कोणती घेऊ नयेत आणि हिशेब कसा ठेवावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

गिरगावची माहेरवाशीण

आमच्या वाडीत हे काम टाळेबंदीनंतरही चालू राहिले, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहिते. एटीएम कार्ड आणि पिन यांना हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांना एकदम सांगून टाका. एकेका घरी जाऊन नकार दिला की तो त्या माणसाला दिलेला नकार होतो. सर्वांसाठी एकच नियम असला की कोणालाच लागत नाही. आजींनी पाकीट पुढे केले तर "आमच्या मंडळाचा नियम आहे हो, मला काढून टाकतील" असे हसत सांगावे. आमच्याकडे मंडळ वगैरे काही नव्हते, पण हे वाक्य फार उपयोगी पडले.

रोख पैशांसाठी आम्ही प्रत्येक घराला एक लहान वही आणि चेन असलेले पाऊच दिले. यादी त्यांच्याच हाताने वहीत लिहायची, पाऊचमध्ये किती रुपये ठेवले ते खाली लिहायचे आणि जाण्यापूर्वी दोघांनी मिळून मोजायचे. परत आल्यावर बिल वहीच्या पानाला टाचायचे, उरलेली रक्कम त्यांच्यासमोर मोजायची आणि त्यांनी सही करायची. सुरुवातीला सर्वांनाच हे अती वाटते आणि "अहो, तुमच्यावर विश्वास नाही का?" असे विचारले जाते, परंतु ही वही खरे तर पुढच्या भांडणासाठी असते. सुट्टीत आलेल्या मुलाने "आई, एवढे पैसे कुठे गेले?" असे विचारले की आईला आठवत नाही आणि संशय शेजाऱ्यावर येतो. तेव्हा वही काढून दाखवता येते.

पदरमोड मात्र अजिबात करू नका. "राहू द्या, वीसच रुपये तर आहेत" असे एकदा म्हटले की पुढच्या वेळी ती व्यक्ती काम सांगायलाच ओशाळते, आणि ज्यांच्यासाठी आपण हे सुरू केले तेच गप्प बसतात.

आणखी एक गोष्ट. परदेशातील मुले हळूहळू तुमच्या फोनवर थेट याद्या पाठवू लागतील. आईने कारले मागितलेले असते आणि मुलाच्या यादीत क्विनोआ असतो. काम कोणाचे, तर घरात राहणाऱ्या माणसाचे. यादी त्यांचीच चालेल, हे मुलांना नम्रपणे पण वेळीच सांगावे.

निवृत्त रोखपाल

वरील प्रतिसाद योग्यच आहे. मी बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढले असल्यामुळे केवळ बँक आणि निवृत्तिवेतन यांपुरते लिहितो, कारण स्वयंसेवक सर्वांत जास्त अडकतात ते तिथेच.

पहिली गोष्ट अशी की, यातील बरीच कामे मुळात स्वयंसेवकाची नाहीतच, ती बँकेची आहेत. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना, तसेच अपंग किंवा दीर्घ आजारी असलेल्यांना, रोख रक्कम घरी पोहोचवणे, घरून रोख व चेक पावती देऊन नेणे, केवायसीची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणे या सेवा द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्व बँकांना दिलेली आहे. प्रत्यक्षात शाखेत विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि काही सेवांना शुल्क पडते. तेव्हा तुम्ही करण्यासारखे पहिले काम म्हणजे पैसे काढून आणणे नव्हे. त्या आजींच्या वतीने शाखेत जाऊन घरपोच सेवेचा अर्ज आणणे, तो भरायला मदत करणे आणि पुन्हा जाऊन पोच घेणे हे आहे. हेलपाटे एकदाच पडतात, पुढे कायमची सोय होते.

ज्यांना आजारपणामुळे सहीच करता येत नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. अंगठ्याचा ठसा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खातेदार शाखेत येऊ शकत नसेल तर पैसे कोण नेणार हे त्याने बँकेला सांगायचे असते, त्या व्यक्तीची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची असते आणि तिची सही बँक स्वतःकडे घेते. यात वेळ जातो हे खरे, पण उद्या प्रश्न निघाला तर तुमचे नाव रीतसर कागदावर असते. त्याऐवजी "आजोबांनी चेक दिला आहे, ठसा मी घरीच घेतला" असे सांगत येणाऱ्या भल्या माणसाकडे बँकेला संशयानेच पाहावे लागते.

सही करू शकणाऱ्यांकडून बेअरर चेक घेऊन जाणे वैध आहे. मात्र रक्कम अक्षरी आणि अंकी त्यांनीच भरलेली असावी, कोरा चेक कधीही स्वीकारू नये, आणि खाडाखोड झाली तर तो चेक फाडून नवा लिहायला सांगावा. बेअरर चेक वाटेत हरवला तर ज्याच्या हाती पडेल तो तो वटवू शकतो, ही जाणीव ठेवून घरून थेट शाखेत जावे. वाटेत भाजी घेत बसू नये.

किराण्याच्या पैशांसाठी एक जुनाच उपाय सुचवतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे महिन्याचे खाते उघडावे. तुम्ही केवळ सामान आणायचे, आणि महिनाअखेरीस वाण्याचा मुलगा वर जाऊन बिल दाखवून पैसे घेईल; तुमच्या हाती एक रुपयाही येणार नाही. ज्यांना यूपीआय वापरता येते त्यांच्यासाठी २०२४ मध्ये यूपीआय सर्कल, म्हणजे आपल्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला पैसे देऊ देण्याची, सोय आली आहे. तिच्यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात दुसऱ्या व्यक्तीला महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी कमाल ५,००० रुपयांपर्यंत परस्पर खर्च करता येतो. हा प्रकार घरच्या माणसांपुरताच ठेवावा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही दुकानातून मागणी पाठवता आणि खातेदार स्वतःच्या फोनवर स्वतःचा पिन टाकून प्रत्येक व्यवहाराला मंजुरी देतो. शेजाऱ्यांमध्ये वापरायचाच असेल तर हा दुसरा वापरावा. ओटीपी मात्र त्यांनी तुम्हालाही सांगू नये, आणि हे तुम्हीच त्यांना पुनःपुन्हा बजावावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. तासाभराच्या विलंबानेही पैसे हातचे जातात.

हयातीच्या दाखल्याबद्दल. आधी निवृत्तिवेतन कोणाचे आहे ते विचारा, कारण सर्वांचे वेळापत्रक एक नाही. केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरमध्ये दाखला देतात, आणि ऐंशी वर्षांवरील असतील तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. गिरणी किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेची पेन्शन घेणारे, वर्षात केव्हाही देऊ शकतात आणि तो तिथून वर्षभर चालतो. त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत नेण्याचे काही कारण नाही. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून बोटांच्या ठशांऐवजी चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. वयोमानाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्यांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांच्यासाठी हे वरदानच आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप्स घ्या, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि खाते क्रमांक समोर ठेवा, त्यांचा मोबाइल शेजारी असू द्या आणि खिडकीकडे तोंड करून बसवा. ट्यूबलाइटखाली चेहरा लवकर टिपला जात नाही. पोस्टमनमार्फतही हे काम घरी होऊ शकते.

विक्रोळीकर

मनापासून आभार. वाण्याच्या खात्याची कल्पना आम्हाला सुचलीच नव्हती. औषधांबद्दल कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे दोन घरांत इन्सुलिन आहे, आणि एका काकांना झोपेच्या गोळ्या लागतात. त्या आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने चिठ्ठीशिवाय देण्यास नकार दिला, आणि काकांची समजूत अशी झाली की मी नीट विचारलेच नाही.

औषधविक्रेता, दादर

दुकानदाराचे बरोबर होते. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारखी औषधे अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठी पाहून आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून आम्हाला अशा प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांसह ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठी नसेल तर ओळखीचा गिऱ्हाईक असूनही देता येत नाही. काकांना हे सांगा, आणि मूळ चिठ्ठी घेऊन जा. फोनवरील अस्पष्ट फोटोवरून औषध देणे आम्हालाही धोक्याचे वाटते.

चिठ्ठीबरोबर जुनी रिकामी स्ट्रिपही न्यावी. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर ही दोन वेगळी औषधे आहेत, कारण दुसरी गोळी पोटात हळूहळू विरघळते. डॉक्टरांच्या अक्षरात ते 'एसआर' कित्येकदा रेघेसारखे दिसते; रिकामी स्ट्रिप पाहिली की शंका उरत नाही. दुसऱ्या कंपनीचे औषध दिले जात असेल तर स्वयंसेवकाने स्वतः होकार देऊ नये; दुकानातूनच घरी किंवा डॉक्टरांना फोन लावून विचारावे. अर्धी स्ट्रिप घेतली तर मुदत संपण्याची तारीख छापलेला भाग आपल्याकडे आला आहे का ते पाहावे, नसेल तर तारीख बिलावर आहे याची खात्री करावी.

इन्सुलिनबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथली चूक जिवावर बेतते. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत साधारणपणे एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, आणि पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट असतात. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या येतात. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. ४० च्या कुपीसाठी चुकून १०० ची सिरिंज आणली तर ठरलेल्या रेघेपर्यंत भरूनही डोस निम्म्याहून कमी जातो, आणि उलट झाले तर अडीच पट जातो. म्हणून "इन्सुलिनची सुई आणा" एवढ्याच निरोपावर निघू नका. घरातील कुपीचे खोके बरोबर घ्या, किंवा निदान त्याचा स्पष्ट फोटो काढून न्या, आणि दुकानात दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून आकडे जुळवा.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. विक्रोळीहून दादरला येऊन गाडीने परत जायचे असेल तर, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, दुकानातून थंड जेलचे पाकीट मागून घ्या. परंतु कुपी त्याला थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमालाची घडी ठेवा, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते आणि ते पाहून कळेलच असे नाही. त्यापेक्षा घराजवळचे दुकान ठरवून टाकणे चांगले. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की आमच्याकडेच माल उशिरा येतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये रोजच्या औषधांचा थोडा जास्त साठा घरात असू द्यावा.

तिसरा मजला, मुलुंड

मी हे सर्व दुसऱ्या बाजूने वाचत आहे. माझे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, आणि शेजारचा मुलगा आठवड्यातून दोनदा माझी कामे करून देतो. त्याच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते.

नियम, वही, पाऊच हे सर्व उत्तम आहे. पण कामाला माणूस कधी येणार हे आम्हाला आधी ठाऊक असावे, ही गोष्ट कोणी लिहिली नाही. "काहीही लागले तर केव्हाही सांगा" असे म्हटले की आम्ही काहीच सांगत नाही, कारण केव्हाही सांगणे म्हणजे कोणाला तरी उठवणे. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळी येतो असे सांगितले की मी सोमवारीच यादी करते, त्यात चार वस्तू संकोच न करता वाढवते, आणि त्याचीही धावपळ कमी होते. औषधाची गोष्ट निराळी, ती वेळ पाहून येत नाही.

दुसरे, जे मागितले ते मिळाले नाही तर परत या किंवा फोन करा. त्याऐवजी दुसरे काही मनाने आणू नका. मी यादीत 'कोथिंबीर, मुळासकट, ओली नसलेली' असे लिहिते तेव्हा शेजारच्या मुलाला हसू येते हे मला माहीत आहे. पण ओली जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि मी पुन्हा खाली जाऊ शकत नाही, म्हणून लिहिते. चहाची पूडही तशीच. वस्तू कोणती आणायची हे ठरवणे एवढेच आता माझ्या हाती उरले आहे.

आणि मिंधेपणाचे काय करायचे, हेही विचारात घ्या. पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत, ते योग्यच केले. मग मी त्याच्या घराची किल्ली ठेवून घेऊ लागले. नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात. त्यांचे कुरिअर मी घेते, गॅसवाला आला की त्याला कोड सांगून सिलिंडर आत ठेवून घेते, त्यांचा मुलगा शाळेतून आला की दार उघडते. आता मी काम सांगताना अडखळत नाही. तुमच्या इमारतीतील आजी-आजोबा दिवसभर घरात असतात, आणि मुंबईत दिवसभर घरात असणारे माणूस किती दुर्मीळ आहे हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्यांनाही काही सांगा.

कधी कधी यादीतले काम करून देण्याऐवजी हात धरून खाली न्यावे, असेही वाटते. एक तास लागेल, हे मान्य आहे.

गिरगावची माहेरवाशीण

मावशी, किल्लीची गोष्ट मनापासून पटली, पण विक्रोळीकरांना एक सावधगिरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. गॅसच्या कोडाप्रमाणेच प्रत्येक कोड फोनवरून कोणालाही सांगायचा अशी सवय लागू नये. सिलिंडर दारात आल्यावर, समोरच्या माणसालाच सांगायचा. आणि त्या सिलिंडरचे वजन भरलेला असताना तीस किलोच्या आसपास होते, तेव्हा तो उचलून मजले चढण्याचे काम स्वयंसेवकाने घेऊ नये. दारापर्यंत आणून देणे हे वितरकाचेच काम आहे.

तसेच, कोणत्या घरात कोण एकटे राहते याची यादी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा फलकावर मुळीच लावू नका. फलकावर स्वयंसेवकांची नावे आणि वार लावा. ज्येष्ठांची यादी तुमच्या दोघांपुरती कागदावर असू द्या. स्थानिक पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करता येते, ती मात्र त्यांना विचारून अवश्य करून घ्या. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांकही फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

विक्रोळीकर

सर्वांचे प्रतिसाद छापून आमच्या तिघांमध्ये वाटले. सध्या असे ठरले आहे की बुधवार आणि रविवार हे दोन वार ठेवायचे, कार्ड आणि पिन यांना नकार असल्याचा कागद सोसायटीच्या सचिवांच्या सहीने फलकावर लावायचा, म्हणजे नकार आमच्या तोंडून जाणार नाही, आणि दोन्ही वाण्यांशी महिन्याच्या खात्याबद्दल बोलायचे. त्यांपैकी एक तयार झाला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की चौथ्या मजल्यावर वसुलीला कोण चढणार. रोखपालसाहेब, एक शंका राहते. ज्या आजींचा ठसा घ्यावा लागतो त्यांच्यासाठी साक्षीदार म्हणून मीच सही केली आणि पैसेही मीच आणले, तर चालेल का?

निवृत्त रोखपाल

चालणार नाही. साक्षीदार स्वतंत्र हवा आणि पैसे नेणारा स्वतःच स्वतःची ओळख पटवू शकत नाही. सचिव आणि शाखेचा अधिकारी हे साक्षीदार असू द्यावेत, तुम्ही केवळ पैसे नेणारे म्हणून सही करावी. अधिकाऱ्याला घरी येण्याची वेळ आधी विचारून घ्या. महिन्याचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा पेन्शनची गर्दी असते आणि कोणी जागेवरून उठू शकत नाही.